आवडाबाईंचे ठराव

“त्या बाईला मी चार वर्षं बोलायला लावलं, ती खरी कशी बोलायची, ते मला माहीत नाही,” असं कमरोद्दीन सर एकदा म्हणाले होते.

पाचोडच्या अलीकडची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. मुख्याध्यापक बद्रीनाथ सर आणि कमरोद्दीन सर, असे दोघंच शिक्षक. शाळा व्यवस्थापन समितीची सभा दर महिन्याला व्हावी, असा नियम. समितीत बहुतेक पालक. पण पालक शेतात, नाहीतर चितेगावच्या कंपन्यांत; सभेला येणार कोण? मग सभा वहीतच भरे. कोण काय बोललं ते कमरोद्दीन सरांनी लिहायचं, कारण अक्षर त्यांचं चांगलं. नंतर घरोघर फिरून सह्याही त्यांनीच आणायच्या.

आवडाबाई समितीवर होत्या. नात विशाखा शाळेत होती आणि तिचे आईबाप चितेगावला राहत. सर शाईचं पॅड घेऊन जात. बाई अंगठा उमटवत आणि उरलेली शाई दाराशेजारच्या भिंतीला पुसत. काय लिहिलंय, असं त्यांनी सरांना कधी विचारलं नाही.

सुरुवातीला सर ‘सर्वानुमते मंजूर’ एवढंच लिहीत. मग एका महिन्यात त्यांना अकरा दिवस वर्ग सोडून सर्वेक्षणासाठी फिरावं लागलं. त्या महिन्याच्या सभेत आवडाबाई पहिल्यांदा बोलल्या : गुरुजी गावभर फिरले तर लेकरांना शिकवायचं कुणी? लिहून झाल्यावर सरांना बरं वाटलं. नोकरीत असं बरं वाटून किती दिवस झाले, ते त्यांना आठवेना. मग बाई दर महिन्याला बोलू लागल्या. मुलींच्या संडासाला पाणी नाही. चौथीच्या खोलीचं छत गळतं.

“तुमची आवडाबाई लई भांडती राव,” बद्रीनाथ सर वाचून हसत. “आमदार करा तिला.”

ठराव वर जात. वरून काहीच येत नसे. पण एसटीनं पैठणला परतताना सरांना पुढच्या सभेतलं बोलणं कानाशी ऐकू येई. जेवतानाही ते पुटपुटत. बायको अमिना विचारी, “कोन से बात कर रै तुम?” सर मान खाली घालून जेवत राहत.

मार्चमध्ये चौथीच्या छताचा मोठा पोपडा खाली आला. मुलं तेव्हा मैदानात होती, म्हणून वाचली. दुरुस्तीचं काम समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब यांनी आपल्याच माणसाला दिलं. मे महिन्यात तो रंग मारून गेला; रंगाखाली चीर तशीच राहिली. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा ‘काम समाधानकारक’ असा ठराव हवा होता. तो झाला की मुलं पुन्हा त्याच छताखाली बसणार होती.

“आवडाबाईंनी मांडला, असं लिहा,” बद्रीनाथ सर म्हणाले. “नात त्याच वर्गात आहे. कुणी शंका घेणार नाही.”

विशाखा अजून सुट्टीवरून आली नव्हती. सर पॅड घेऊन बाईंच्या घरी गेले. धाकटी सून निशा दारात आली.

“गुर्जी, आत्याबाईला जाऊन वीस दिवस झालं. तुमाला कुणी सांगितलं नाय?” मग ती भिंतीकडं बघत म्हणाली, “लई डाव म्हनायच्या, मास्तर नुस्ता अंगठा नेतो. वाचून कधी दावत नाय.”

सर परतले तेव्हा ऑफिसात तात्यासाहेब बसले होते.

“आवडाबाई वारल्या,” सर म्हणाले.

“म्हाईतंय की. मयतीला होतो मी.” तात्यासाहेबांनी सुपारी तोंडात टाकली. “मागची तारीख टाका. तवा जिती व्हती. आन् आता काय ती नाय म्हनायला येती व्हय?”

“अंगठा?”

“तुमचाच उठवा. अंगठ्यावर काय नाव असतंय का?”

बद्रीनाथ सरांनी वर न बघता पॅड उघडून पुढं सरकवलं. “सर, माझी नोकरीची दोनच वर्षं राहिलीत. उगं वाढवू नका.”

कमरोद्दीन सरांनी वही उघडली. मागची तारीख लिहिली. मग ते थांबले, दर वेळी थांबत तसे, कानाशी बाई बोलायला लागतील म्हणून. बराच वेळ गेला. कुणीच बोललं नाही. पलीकडं चौथीच्या खोलीत कुणीतरी बाकं ओढून ओळीत लावत होतं.

सरांनी पेनाला टोपण लावलं. वही मिटली आणि बगलेत धरली.

“ओ सर, वही कुठं घेऊन चालले?” बद्रीनाथ सर उठले. “चहा सांगितलाय, बसा तर!”

सर बाहेर पडले आणि आवडाबाईंच्या घराच्या वाटेला लागले.