म्हातारा जे म्हणालाच नव्हता

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ताईला नाही, आणि ज्याच्याबद्दल आहे त्या बालाजीला तर नाहीच. फटाफट टाइप करतोय, कारण थांबलो की पुसून टाकीन — दोनदा पुसलंय आधी. चुका असतील, चालवून घ्या राव.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे पार्ट चेक करायचे — गेज लावा, ओके, ओके, रिजेक्ट, ओके. दिवसभर हेच. राहायला भोसरीत, एका खोलीत मी आणि बालाजी. तो नांदेडकडचा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, इथं एका छोट्या शॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर. गावाकडं मामाबरोबर सेंट्रिंगची कामं केलेला. सळया असा बांधायचा की बघत राहावं.

आणि मला एक नाद होता. आहे म्हणा.

ज्यू लोकांची एक जुनी गूढ विद्या आहे, कबाला. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो, मग शब्दांची बेरीज करायची, आणि दोन शब्दांची बेरीज सारखी आली की त्यांचं आतून काहीतरी नातं आहे असं मानतात. जगाचं आयुष्य म्हणजे एक आठवडा, एकेक दिवस हजार वर्षांचा! त्यांच्या पंचांगानं सहाव्या दिवसाची दुपार उलटून गेलीय. सातवा दिवस विसाव्याचा. पण त्याच्या आधी मोठी लढाई, गोग-मागोगची, आणि मग त्यांचा मशीहा येणार. हे ऐकायचं आणि संध्याकाळी बातम्या लावायच्या तर तिकडं इस्रायललाच युद्ध चालू! तुम्हीच सांगा, अंगावर काटा येणार नाही?

यावर एक म्हातारा गुरुजी मोबाईलवर बोलायचा. पांढरी दाढी, मऊ आवाज, सगळं इंग्रजीत. मी त्याचं मराठी करून माझ्या आवाजात ग्रुपवर टाकायचो. ग्रुपचं नाव 'काळाची चाहूल'. कंपनीतली पोरं जाम खेचायची. "काय मागोग, जग सेकंड शिफ्टच्या आधी बुडतंय का नंतर? नाय, ओव्हरटाइम घ्यायचा का ठरवायचंय!" एकटा बालाजी मन लावून ऐकायचा. जेवता जेवता घास हातात धरून ऐकायचा. "तुझ्यासारखं डोकं असतं तर मी प्रेसवर बसलो असतो व्हय बे?" म्हणायचा.

कुणी असं ऐकलं की काय होतं माहितीये? आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागतं.

मग तिकडं इस्रायलला बांधकामासाठी इथनं माणसं न्यायला लागले. बालाजीनं गुपचूप फॉर्म भरला. टेस्ट झाली, सळया बांधून दाखवायच्या होत्या — पहिल्या झटक्यात पास. मेडिकल झालं, पासपोर्ट आला. मग फोन आला, चार दिवसांत नक्की कळवा, येणार का नाही.

गुरुवार होता. आमच्याकडं गुरुवारी सुट्टी असते. बालाजीनं आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काकू मला म्हणाल्या, "बाबा, तू शिकलेला हायस. तिकडं लढाई चालू हाय म्हणतेत. त्यो तुमचा म्हातारा काय म्हणायलाय बघून सांग बरं. लेकराला जाऊ द्यावं का नको?"

म्हणजे बघा. एका माणसाच्या आयुष्याचा निर्णय, आणि तो कशावर ठरणार, तर माझ्या मराठी भाषांतरावर. त्यांच्या घरात कुणालाच इंग्रजी येत नव्हतं.

मी नवीन व्हिडिओ लावला. म्हातारा बोलायला लागला. आणि तो नेमकं काय बोलला ते मला अजून सगळं पाठ आहे. तो म्हणाला, या बेरजांवरून तारखा काढणारे चूक करतात, आमच्या थोरामोठ्यांनी ते करू नका म्हणून बजावलंय. म्हणाला, वाईट भाकीत ठरलेलं नसतं, माणसं सुधारली की ते टळतं, भाकीत असतं ते त्याच्यासाठीच. आणि म्हणाला, माझं ऐकून कुणी घर सोडू नका, आणि माझं ऐकून कुणी घर धरूनही बसू नका.

हे मी नीट ऐकलं. शब्द न् शब्द कळला.

आणि मी म्हणालो — "काकू, तो म्हणतोय या वर्षी त्या भूमीत बाहेरच्या माणसानं पाय ठेवू नये."

एवढ्यावर थांबलो का? नाही. एका जुन्या गेटपासच्या मागं बालाजीच्या नावाची बेरीज मांडली. आकडे मनाचेच. मराठी अक्षरांना मीच वाटून टाकले. म्हणालो, हे बघ, हीपण नकोच म्हणतेय.

का केलं? काळजीनं केलं असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. खोटंय ते. तो गेला असता तर माझं ऐकणारं कुणी उरलं नसतं. आणि दुसरं — हे लिहिताना बोटं अडकतायत — प्रेसवरचा माणूस विमानात बसणार आणि डिप्लोमावाला मी इथं गेज लावत राहणार, हे मला सहन झालं नाही.

"बरं झालं बे इचारलं," बालाजी म्हणाला, आणि मेसचा डबा आणायला गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं नाही म्हणून कळवलं.

दोन महिने पण झाले नसतील. प्रेसला सेन्सर असतो, हात आत असला की वरचा भाग खाली येत नाही. पण त्यानं काम हळू होतं, म्हणून त्या शॉपमध्ये तो बंद करून ठेवलेला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी दवाखान्यात पोचलो तर तो शुद्धीवर होता. मला म्हणाला, "सळई बांधता येईल का बे आता?"

 

मग काही महिन्यांनी तिकडं क्षेपणास्त्रं पडली. टीव्हीवर सायरन, पळणारी माणसं. त्या दिवशी मला पहिलं काय वाटलं सांगू? आनंद झाला मला. खरंच. पळत जाऊन ग्रुपवर टाकलं, 'सांगितलं होतं ना!' हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. कंपनीतल्या पोरांनी मागोग म्हणणं बंद केलं. काकूंचा फोन आला, रडत होत्या. "बोटं गेली तर गेली. तुमच्यामुळं माझं लेकरू जित्तं हाय." आधी मला अरेतुरे करायच्या त्या. त्या दिवशी पहिल्यांदा अहोजाहो केलं.

मी म्हणालो, हो काकू.

बालाजीबरोबर टेस्ट दिलेला एक जण तिकडं गेला होता. तो ठणठणीत आहे. सायरन वाजला की तळघरात जायचा, थांबला की परत कामावर. बालाजीला हे माहितीय. "त्याचं नशीब," म्हणतो तो.

सांगायचं ठरवलं की नाही मी? ठरवलं. पाच-सहा वेळा. पण त्याच्याकडं आता एवढंच राहिलंय, की बोटं गेली आणि जीव वाचला. तेपण मी काढून — नाही. बघा, ही परत सबबच झाली. मी घाबरलो, म्हणून सांगितलं नाही.

परवाच्या गुरुवारी बालाजी एकाला खोलीवर घेऊन आला. दत्ता नाव, पुनावळ्याला एका साइटवर सळया बांधतो. बायको सात महिन्यांची गरोदर. त्याचंही तिकडचं सगळं झालेलं, फक्त हो म्हणायचं बाकी.

मला काही बोलावंच लागलं नाही. बालाजीनंच सगळं सांगितलं. हजार हजार वर्षांचे दिवस, गोग-मागोग, म्हातारा काय म्हणाला. माझ्याच शब्दांत, माझ्यासारखेच हातवारे करत. मग उजवा हात त्याच्यापुढं धरला. "हे हितं गेलं. तिथं गेलो असतो तर अख्खाच गेलो असतो की!" आणि माझ्याकडं वळून, बाहेरच्या माणसासमोर मला देतो तो मान देत म्हणाला, "बरोबर हाय ना सर?"

दत्ता माझ्याकडं बघत होता. खूप वेळ बघत होता. त्याला बहुतेक जायचंच होतं. मी 'तसं काही नाही' म्हणावं म्हणून थांबला होता, असं मला वाटलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानं तिथंच, गादीवर बसल्या बसल्या फोन लावला. "नाही सर, माझं कॅन्सल करा." पलीकडचा माणूस दोनदा विचारत होता, नक्की का, परत नंबर लागणार नाही. मला ऐकू येत होतं. मी समोरच बसलेलो होतो.