चाळीस ताटं आणि कापलेल्या चार ओळी

"दीदी, आपने छापा है ना? तो अब आप ही आके परोसो."

एवढं बोलून नरेश साहूने पीसीओवरून फोन ठेवून दिला. शनिवारची संध्याकाळ होती. मी ऑफिसात सिटी डेस्कवर बसले होते आणि सकाळपासून हवेत होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या नावाने अख्खं पान आलं होतं. नरेश असा का बोलला ते मला कळेना. आठवडाभरापूर्वी याच पोराने मला हसत हसत भात वाढला होता.

मी रायपूरच्या एका हिंदी दैनिकात रिपोर्टर आहे. ही गोष्ट सुरुवातीच्या दिवसांतली. छत्तीसगड राज्य नवीन होतं. शहरात नव्या पाट्या, नवे बंगले आणि नवे साहेब आले होते, आणि सगळ्या पेपरांनी रंगीत चार पानं काढायला सुरुवात केली होती. ऑफिसात त्या पानांना 'पुलआउट' म्हणतात, म्हणजे मधून ओढून वेगळी वाचता येणारी पुरवणी. कॉलेजं सुरू झाली होती. धमतरी, महासमुंद, बेमेतरा इकडून पोरं-पोरी येऊन खोल्या घेऊन राहत होती. आमचे सिटी इंचार्ज दुबे सर म्हणाले, "मेश्राम, दस जगह ढूंढो. कम पैसे में पेट भी भरे, मजा भी आए. नए बच्चों के काम का पेज."

असं काम मला रोज द्या. मी दहा दिवस शहर खात फिरले. सदर बाजारातली कचोरी, कॉलेजच्या मागच्या गेटवरचे पोहे, बूढ़ा तालाबच्या काठावरचं भाजलेलं कणीस. सिनेमाच्या दुपारच्या शोला पुढच्या रांगेचं तिकीट किती स्वस्त पडतं तेही लिहिलं. यादीत एक नवीन कॅफे घाला असं जाहिरात विभागाचं म्हणणं होतं. तिथली एक कॉफी म्हणजे एखाद्या पोराचं दोन दिवसांचं जेवण. मी दुबे सरांना म्हटलं, "सर, उनका ऐड छापिए, मेरी लिस्ट में मत डालिए." सरांनी पेनाने कॅफेवर काट मारली. मला वाटलं, झाली लढाई. खरी चूक मी दुसरीकडेच करून ठेवली आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

दहावी जागा होती इंगळे काकूंची मेस.

बूढ़ा तालाबला लागून असलेल्या बूढ़ापारा मोहल्ल्यात, एका गल्लीत काकूंचं घर आहे. मूळच्या अकोल्याकडच्या. काका रेल्वेत होते, ते गेल्यावर काकूंनी पुढच्या पडवीत मेस सुरू केली. रोज चाळीस ताटं. पोळ्या, वरण, भात, एक भाजी. बाहेर मिळणाऱ्या थाळीच्या निम्म्या दरात, आणि पोट भरेपर्यंत. हे परवडतं कसं, तर काकूंकडे एकही नोकर नाही. तिथली रीत अशी: वीस जणांची पहिली पंगत संध्याकाळी साडेसातला बसते. दुसऱ्या पंगतीचे वीस जण तेव्हाच येतात आणि पहिल्या पंगतीला वाढतात. मग पहिलीवाले उठतात, ताटं घासतात आणि दुसरीला वाढतात. काकू शेगडीपासून हलत नाहीत. त्यांचं मनगट दुखायला लागलं तेव्हा पोरांनीच ही रीत सुरू केली होती.

आणि मजा म्हणाल तर शहरातल्या कुठल्याही हॉटेलात नाही एवढी. वाढणारा मुद्दाम वेटरसारखा वाकून "साहब, और चावल?" करतो. ज्याचा पेपर खराब गेला त्याच्या ताटात सगळे जण एकेक पोळी टाकतात. ज्याचा वाढदिवस असेल त्याला त्या दिवशी दोन्ही पंगतींना वाढावं लागतं. जेवण झालं की टोळकं तलावाच्या कठड्यावर बसून तासभर एकमेकांची उडवतं. त्याला तिकीट लागत नाही.

नरेश तिथला जुना मेंबर. पॉलिटेक्निकला शिकायचा, सकाळी झेरॉक्सच्या दुकानात काम करायचा. मी जेवायला गेले होते तेव्हा त्यानेच मला सगळं समजावलं होतं.

रविवारी साडेसातला मी बूढ़ापाऱ्यात पोचले. गल्लीच्या तोंडापासून स्कूटर लागलेल्या. शेजारचे एक आजोबा गेटवर उभे राहून कुणाला तरी ओरडत होते. पडवीत वीसच्या जागी पस्तीस लोक दाटून बसलेले. दोन कुटुंबं तर पोराबाळांसकट आली होती. माणसं वाईट नव्हती. पेपरात वाचून, रविवारचं बाहेर जेवायला म्हणून हौसेने आली होती.

"भैया, इधर रोटी! कब से बोल रहे हैं!"

नरेश आणि तिघं-चौघं पळत होते. काकू शेगडीवरून उठून वरणाचं पातेलं घेऊन बाहेर आल्या, परत आत पळाल्या, तव्यावरची पोळी काळी झालेली. पाहुणे जेवले, हात धुतले, "खाना अच्छा है" म्हणाले आणि निघाले. ताटं तिथेच. एका सज्जन माणसाने जाताना नरेशच्या हातात पाच रुपयांचं नाणं ठेवलं आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं.

नरेश नाण्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने ते खिडकीत ठेवलं आणि खाली बसून ताटं गोळा करायला लागला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

दुसरी पंगत बसलीच नाही. भात संपला होता. रोजचे वीस-बावीस जण बिस्किटांचे पुडे घेऊन खोल्यांवर गेले.

काकूंनी मला पाहिलं.

"काहून छापलं वं पोरी?"

"काकू, मी सगळं लिहिलं होतं. वाढायचंही लिहिलं होतं."

"कुठी लिहिलं? माया घरी पेपर नाही येत का?" त्यांनी फळीवरचा पेपर माझ्यापुढे टाकला. "वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. पत्ता होता, दर होता, 'भरपेट' होतं, वरणाला कसली फोडणी असते तेही होतं. माझ्या शेवटच्या चार ओळी नव्हत्या. इथे जेवणाऱ्याला वाढावं लागतं, ताटं चाळीसच असतात, नवीन माणसाने सकाळी दहाच्या आत नाव सांगावं लागतं, हे त्या चार ओळींत होतं.

"दोन दिवसापासून माये पोट्टे उपाशी झोपून राहिले," काकू म्हणाल्या. "मी पोया लाटू का लोकायले वाढू? शेजारी म्हणते गाड्या काढा नाही तं महापालिकेत जातो. एक तारखेपासून बंद करून राहिली मी. सांगून दिलं पोरायले."

चाळीस जणांच्या जेवणाचा प्रश्न होता. बाहेर जेवायला दुप्पट लागणार. नरेशसारखी पोरं एक वेळ जेवणार आणि घरी सांगणार की दोन वेळा जेवतो. गरिबांच्या पोरांना स्वस्त जागा दाखवायला निघाले होते मी, आणि त्यांचीच जागा त्यांच्याखालून काढून घेतली होती.

घरी, बीरगांवला, मी हे वडिलांना सांगितलं. ते उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात होते. युनियनची पत्रकं लिहिण्यात त्यांची हयात गेली, आणि मी अक्षरओळख त्याच पत्रकांवर केली. त्यांनी पेपर डोळ्यांजवळ धरला.

"अट शेवटी काहून लिहिली?"

"शेवट चांगला वाटत होता बाबा. 'यहां खाने वाला ही खिलाने वाला है.' असा शेवट केला होता."

"कारखान्याच्या गेटवर माणूस चालता चालता वाचते. मागणी पहिल्या ओळीत लिहावं लागते. चांगलं वाटायसाठी नसते लिहीत आपण."



सोमवारी सकाळी आधी सलीमभाईंकडे गेले. ते पेजमेकर, म्हणजे मजकूर, फोटो आणि जाहिराती कॉम्प्युटरवर पानात बसवणारे. त्यांनी जुनी फाईल उघडून दाखवली.

"शाम को कपड़े की दुकान का ऐड आ गया था मैडम. जगह चाहिए थी. नीचे से चार लाइन उड़ाई. नीचे से ही उड़ती है, आपको किसी ने बताया नहीं?"

सांगितलं होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात, कारण पान लावणाऱ्याला मजकूर वाचायला वेळ नसतो. म्हणून महत्त्वाचं ते वर. सलीमभाईंवर चिडायला मला काही जागाच नव्हती.

मग दुबे सरांची केबिन. मी म्हटलं, भूलसुधार छापायचा आहे. भूलसुधार म्हणजे पेपरने आपली चूक कबूल करणारी छोटी चौकट.

"नाम गलत छपा?"

"नहीं सर."

"पता? रेट?"

"नहीं."

"तो भूल कौन सी सुधारूं?"

"सर, आधी बात छपी है. उस आधी बात से चालीस बच्चों का खाना बंद हो रहा है."

"आधी बात तो रोज छपती है, मेश्राम." ते चश्मा पुसायला लागले. मग म्हणाले, "भूलसुधार ऊपर से पास कराना पड़ता है, और ऊपर वाले पूछेंगे गलती क्या है. एक काम करो. पाठकों की चिट्ठी में डाल दो. किसी मोहनलाल के नाम से लिख लो. सब लिखते हैं."

हे खरं होतं. पत्रं कमी पडली की डेस्कवर बसून पत्रं लिहिली जायची. मी पण एकदा लिहिलं होतं, नळाच्या पाण्यावर. पण या वेळी माझ्याने होईना. माझ्याच अर्धवट मजकुरामुळे हे झालं होतं, आणि ते निस्तरायला मी खोटा माणूस उभा करू?

"नहीं सर. असली चिट्ठी लाऊंगी."

"पांच बजे तक. और छोटी. सबसे ऊपर लगाऊंगा, जा." सर 'जा' तेव्हाच म्हणायचे जेव्हा ते आपल्या बाजूने असायचे.

दुपारी मी काकूंच्या पडवीत होते. नरेश होता, अजून पाच-सहा जण होते. माझ्याशी कुणी फारसं बोलत नव्हतं. मी म्हटलं, "काकू, चूक माही हाये. अट मी शेवटी लिहिली, ती कापली गेली. आता तुम्ही तुमच्या नावानं पत्र लिहा. मी हिंदी करते, छापून आणते."

काकूंनी हात पदराला पुसले. "मी मराठीतच लिहीन. सातवी पास हाओ मी."

एक पोरगा म्हणाला, "चाची, सीधा लिख दो कि कोई मत आना."

"नाही," काकू म्हणाल्या. "जेवायले येऊ नका, असं मी कागदावर नाही लिहीत. माया हातून नाही होत ते."

"तो फिर आएंगे ना लोग!"

"येऊ दे. वाढतीन आन् जेवतीन."

"और बच्चे-कच्चे वाले आए तो?"

"लेकरं पाणी वाढतीन."

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग पत्र लिहायला सगळेच सरकून बसले. पहिली ओळ कुठली, यावर भांडण झालं. मी बाबांचं गेटवालं सांगितलं. नरेशने तेवढ्यात तोंड उघडलं.

"दीदी, एक लाइन मेरी भी. परोसने वाले के हाथ में पैसा मत रखना. वो भी खाने ही आया है."

"पहिली ओळ हीच," काकू म्हणाल्या.

"हव, ठीक है," नरेश म्हणाला आणि बाहेर बघायला लागला.

पत्र नऊ ओळींचं झालं. वाढणाऱ्याच्या हातात पैसे ठेवू नका, तोही जेवायलाच आला आहे. इथे जो जेवतो तो वाढतो. ताटं चाळीस, नाव सकाळी दहाच्या आत. गाडी तलावाच्या बाजूला लावा, शेजारी माझ्या नवऱ्याच्या वयाचे आहेत. ज्यांना वाढायचं नसेल त्यांच्यासाठी शहरात चांगली हॉटेलं आहेत. खाली सही. मी हिंदी केलं, एक शब्दही सजवला नाही, आणि पाचला दहा मिनिटं असताना दुबे सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. पेन उघडलं आणि काहीही न कापता बंद केलं. पान छपाईला सुटेपर्यंत मी सलीमभाईंच्या खुर्चीमागे उभी होते. "आज ऐड नहीं है मैडम, जाइए, चाय पीजिए," ते म्हणाले. मी हलले नाही.

पत्र मंगळवारी आलं. बुधवारी गर्दी निम्मी झाली, शनिवारी स्कूटर गेल्या. हौसेने आलेले गेले. दोघी नवीन मात्र टिकल्या. कोचिंगला येणाऱ्या पोरी होत्या, त्या इतक्या भराभर वाढायच्या की जुने मेंबर लाजले. एक तारीख आली आणि काकूंनी शेगडी पेटवली. सगळं जिथल्या तिथे आलं असं नाही. घाबरून तीन पोरांनी दुसरीकडे महिन्याचे पैसे भरून टाकले होते, ते परत आले नाहीत. शेजारचे आजोबा आजही काकूंशी बोलत नाहीत.

मला काकूंनी माफ केलं की नाही, माहीत नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, "तीन ताटं कमी झाली, दोन भरली ना? तिसऱ्यावर तू बस. शुक्रवारी वाढायले येत जाय." मी वर्षभर दर शुक्रवारी गेले. वरण माझ्याकडे असायचं. एकदा एका नव्या पोराने नरेशला माझ्याबद्दल विचारलेलं मी ऐकलं, "ये दीदी इतना धीरे क्यों परोसती है?" नरेश म्हणाला, "पेपर में है. आदत नहीं है काम की."

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी एक सांगते. बातमीसाठी जागेवर सगळेच जातात. छापून आल्यावर दुसऱ्या दिवशी परत जा. पेट्रोलचे पैसे ऑफिस देत नाही, त्या खेपेला व्हाउचरवर रकाना नाही. स्वतःचे घालून जा.