चुलतभावाने सोडलेला बांध

मला अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला आणि गावाने मला लगेच मारून टाकलं. त्याआधी महिनाभर घास छातीत अडकत होता आणि मी बायकोच्या भाकरीला नावं ठेवत होतो. बार्शीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतला तुकडा काढला तेव्हा भाकरी निर्दोष सुटली.

तुकडा तपासायला पुण्याला गेला. डॉक्टर म्हणाले, "गाठीवर एक प्रथिन असतं. ते भरपूर निघालं तर नवं इंजेक्शन लागू पडायची शक्यता जास्त. नाही निघालं तर किमोवरच भागवायचं, मग फार आशा धरू नका." याला बायोमार्कर म्हणतात. मी परंड्याच्या शाळेत जन्मभर गणिताचे पेपर तपासले आणि पोरांना निकालासाठी तंगवलं. आता माझाच तुकडा कुणीतरी तपासत होतं. मला भीती वाटत होती, पण ती बाळगायला घरात एकांत नव्हता.

कारण माणसं भेटायला येत होती. ज्याला गिळता येत नाही त्याच्यासाठी लोक केळी, सफरचंदं आणि बिस्किटांचे पुडे आणतात. खाटेशेजारी बसून उसासे टाकतात, माझ्यादेखत चहा भुरकतात आणि दारात चपला घालताना बायकोला विचारतात, "किती दिवस म्हणालेत?" माझी अन्ननलिका बंद होती, कान चांगले चालू होते.

तरी मी खचलो नव्हतो. खचलो तो चुलतभाऊ आला त्या दिवशी. त्याचं शेत माझ्या शेताला लागून. दर नांगरटीला तो माझा बांध थोडा कोरतो, हे आमच्या बापांपासून चालू आहे. मोजणीवाले येऊन गेले, तहसील झाली, बोलणं बंद झालं. तो पायाशी बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "दादा, बांध तुमचाच हाय. सरळ करून घ्या. माझं काय म्हणणं न्हाय."

सरकारी मोजणीला न बधलेला माणूस उगीच वीतभर जमीन सोडत नाही. तो गेल्यावर बायकोला म्हणालो, "संपलं माझं." एरवी तिने मला झापलं असतं. ती हळूच म्हणाली, "असं बोलू नका हो." मग तर माझी खात्रीच पटली.

पुण्याचा रिपोर्ट त्यानंतर आला. प्रथिन भरपूर होतं. जन्मात पहिल्यांदा मला जास्त गुणांचा एवढा आनंद झाला. डॉक्टर म्हणाले, "शक्यता चांगली आहे, हमी नाही." किमोबरोबर इंजेक्शनं सुरू झाली. केस गेले, ओकाऱ्या झाल्या, तोंडाची चव गेली. मग हळूहळू पेज उतरायला लागली, नंतर मऊ भात, आणि एके दिवशी दुधात कुस्करलेली भाकरी. गाठ आकसली होती. गेलेली नव्हती, तिच्यावर नजर ठेवायची होती.

पायात बळ आल्यावर शेतात गेलो. चुलतभाऊ ट्रॅक्टरवर होता आणि निम्मा बांध त्याच्या नांगराखाली गेला होता.

"अरे, तूच बांध सोडला होतास ना?" मी ओरडलो.

त्याने ट्रॅक्टर थांबवला. मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं.

"तवा तुमी चालला हुता, दादा. आता कुठं चाललाय?"

दम लागेपर्यंत मी त्याला शिव्या दिल्या. त्यानेही सव्याज परत केल्या. मग उरलेल्या बांधावर बसून मी रडलो. इतकं बरं मला डॉक्टरांच्या बोलण्यानेही वाटलं नव्हतं.

परवा तो पारावर भेटला. स्वतःहून थांबला, हात जोडले आणि म्हणाला, "दादा, तब्येत बरी हाय ना? जपून ऱ्हावा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बार्शीची एसटी धरली. तपासणीची तारीख लांब होती, त्यामुळे डॉक्टर गोंधळले.

"काय झालं? घास अडकतोय? दुखतंय?"

"नाही," मी म्हणालो. "चुलतभाऊ गोड बोलला."