एकाच संघासाठी फक्की

"मग निदान हात तरी हलवायचास!"

"हात हलवला असता ना नोल्फा, तर मीही वर गॅलरीत बसलो असतो. त्याच्या शेजारी, घोंगडी पांघरून."

"बरंच झालं असतं. दोघांत मिळून एकच डबा आणला असता मी."

"हळू बोल. भिंत पातळ आहे."

"भिंत पातळ, चहा पातळ, नवराही पातळ! सगळं घरच पातळ मिळालं मला."

ही माझी आत्या आणि हे आतोबा. त्र्याहत्तरचा नोव्हेंबर, मॅचच्या दिवशीची सकाळ.

एरास्मो आतोबा सान्तियागोच्या नॅशनल स्टेडियमवर माळी. गवत कापायचं, रोलर फिरवायचा, रेघांवर फक्की मारायची. बासष्टचा वर्ल्ड कप त्यांच्याच गवतावर झाला. चिलेनं शेवटच्या मिनिटाला गोल मारून तिसरा नंबर काढला, तेव्हा गोल जिथून मारला तिथला गवताचा तुकडा त्यांनी घरी आणून कुंडीत लावला. पाहुणा आला की चहाच्या आधी कुंडी. "पाय नका हं ठेवू," असं बजावायचे. कुंडी कपाटावर असायची, तरी!

आत्याचा धाकटा भाऊ हुवेनाल म्हणजे माझे बाबा, छापखान्यात कामाला. मॅचच्या आधी आतोबा फक्कीची गाडी घेऊन मैदानात उतरले की बाबा गॅलरीतून ओरडायचे, "चि-चि-चि!" असं कुणी ओरडलं की आमच्याकडे बाकीच्यांनी "ले-ले-ले!" म्हणायचंच असतं. आख्खी गॅलरी म्हणायची. आतोबा ऐटीत टोपी उचलायचे, जणू गोल त्यांनीच मारलाय.

सप्टेंबरात लष्करानं सत्ता घेतली आणि स्टेडियमचा तुरुंग केला. बाबांना छापखान्यातूनच उचललं. आत्या आणि मी रोज कपड्यांचं गाठोडं घेऊन फाटकाबाहेर उभ्या. आतोबा त्याच फाटकातून कामावर जायचे, आमच्याकडे न बघता. वर्ल्ड कपला जाण्यासाठीची रशियाविरुद्धची मॅच तिथेच व्हायची होती, गवत मरून चालणार नव्हतं. संध्याकाळी आत्या विचारायची, "दिसला?" आतोबा म्हणायचे, "नाही."

दिसले होते. एका दुपारी कैद्यांना उन्हात गॅलरीत बसवलं होतं. वरून आवाज आला, "चि-चि-चि!" कुणीच उत्तर दिलं नाही. आतोबांनी वर पाहिलं. बाबा होते, आणि दोन पायऱ्या सोडून बंदूकवाला शिपाई. आतोबांनी मान खाली घातली आणि गवत कापत राहिले. नोव्हेंबरात सगळ्या कैद्यांना तिथून हलवलं. कुठे, ते फाटकावर कुणी सांगेना.

हे सगळं आतोबांनी त्या सकाळी, बुटांचे बंद बांधता बांधता, आत्याला सांगून टाकलं.

"आज तरी विचार," भांडून दमल्यावर आत्या म्हणाली. "तिथल्या मेजरला. कुठे नेलं एवढंच. जिवंत आहे का, ते नको विचारूस. ते मी धरून चालते."

"विचारतो."

"नक्की?"

"विचारतो म्हटलं ना, बाई!"

आतोबांच्या पासवर मी मॅचला गेले. मला त्यांच्यावर नजर ठेवायची होती.

रशियाचा संघ आलाच नाही. जिथे माणसं कोंडली तिथे खेळणार नाही, म्हणाले. तरी बँड वाजला, आमचे अकरा जण रांगेत उभे राहिले, शिट्टी झाली. ते एकमेकांना पास देत रमतगमत रिकाम्या गोलपर्यंत गेले आणि बॉल आत ढकलला. संपलं. चिले वर्ल्ड कपला.

माझ्या मागचा माणूस पुटपुटला, "बचाव फारच कच्चा हं रशियाचा."

"गप बसा," त्याची बायको म्हणाली. "घरी जायचंय ना आज?"

आतोबा कॉर्नरच्या झेंड्यापाशी उभे होते. मेजर त्यांच्याजवळ गेला, खांद्यावर थाप मारली, पांढऱ्या रेघांकडे बोट दाखवून काहीतरी बोलला. आतोबाही बोलले. मेजरनं मान डोलावली. मी धावतच घरी आले. "आत्या, विचारलं! मी बघितलं!"

आतोबा आले तेव्हा टेबलावर चहा होता, पाव होता, कुस्करलेला आवोकाडो होता. आत्यानं बाहेर जायचा कोट घातला होता. पिशवीत मोजे, साबण, बाबांचा स्वेटर. गावाचं नाव कळलं की निघायचंच, असं तिनं ठरवून टाकलेलं.

"काय म्हणाला?"

"रेघा छान आल्यात म्हणाला."

"मग?"

"काही हवंय का, विचारलं."

"मग?"

आतोबांनी चहात साखर घातली आणि ढवळत राहिले.

"नळी मागितली," ते म्हणाले. "पाण्याची. जुनी जागोजागी फुटलीय. देतो म्हणाला."

आत्या खुर्चीवर बसली, कोटासकट.

"एरास्मो, तो विचारतो काय हवंय, आणि तू नळी मागतोस?"

"तोंडातून तेच आलं गं. कुठलाही साहेब आला, काही हवंय का म्हणाला, की मी तेच मागतो."

"उद्या जाशील परत त्याच्याकडे? हुवेनालचं नाव घेशील?"

आतोबा उठले. चहा तसाच टाकून, दार उघडं ठेवून, ते गल्लीत उतरले आणि स्टेडियमच्या दिशेनं चालू लागले.