रेशनकार्डावरची राजेश्वरी

कानिफनाथच्या विम्याच्या कागदावर वारसाच्या रकान्यात नाव होतं राजेश्वरी. राहुरीच्या शाखेत काउंटरपुढं उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या आधारकार्डावर होतं सत्यशीला, तेही माहेरच्या आडनावानं. साहेबानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"ह्या राजेश्वरीबाई कोण?"

"मीच."

"मग सत्यशीला?"

"ती बी मीच."

साहेब वाईट नव्हता. त्यानं तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. पैसे कुठं जात नाहीत, बाकी फाइल तयार आहे, दुसऱ्याच दिवशी खात्यात पडतील म्हणाला, पण दोघी एकच, असं दाखवणारा एक तरी कागद आणा. ती म्हणाली, सारं गाव सांगंल. साहेब म्हणाला, बाई, गाव फायलीत लावता येत नाही.

कानिफनाथ दूध संकलनाची गाडी चालवायचा. जूनमध्ये पहाटे कॅन भरताभरता छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही. सहा लाखांचा विमा होता, नऊ वर्षांत त्याचा एकही हप्ता चुकला नव्हता. थोरली रुपाली बारावी झालेली, नगरला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. चौदा तारखेच्या आत ऐंशी हजार भरायचे, नाहीतर जागा खालच्या नंबरला जाणार. सत्यशीलेच्या डोक्यात आता ती तारीख सोडून दुसरं काही नव्हतं.

विम्याचा फॉर्म भरला होता अझहरनं. कानिफनाथचा जुना मैतर, राहुरीत एजंट. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यानं विचारलं होतं, वहिनींचं नाव काय. कानिफनाथ नुसताच हसला. बायकोला तो आयुष्यभर 'अगं' म्हणत आलेला. अझहरनं चिडवलं, 'अगं' लिहू का मग? तेव्हा कुठं कानिफनाथनं घरात ऐकू यायचं ते नाव सांगितलं. आधार मागायचं राहिलं. आता तो अझहर सत्यशीलेला मोटारसायकलवर मागं बसवून ऑफिसं फिरवत होता, आणि तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

ग्रामसेवकाकडं गेले. लग्नाची नोंद करून द्या म्हणाले. त्यानं फॉर्म काढला आणि लगेच मिटला. नोंदीला नवऱ्याची सही लागते. लग्नपत्रिकेवर सत्यशीला. आधार काढलं तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी होती. भावानं शाळेचा दाखला घेऊन तिला शिबिरात नेलं, बँकेचं खातंही त्याच कागदावर निघालं.

शेवटी सासऱ्याचं जुनं रेशनकार्ड सापडलं. त्यावर राजेश्वरी होती. अझहरचा चेहरा उजळला. मग त्यानं पुढचा रकाना वाचला. नातं : मुलगी. वय : अकरा.

ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, पण कुणी बोलत नसे. कानिफनाथच्या पाठची राजेश्वरी अकराव्या वर्षी मुळा कालव्यावर धुणं घेऊन गेली. धुणं काठावर राहिलं, पोरगी गावली नाही. तिच्या आईनं, छबूबाईनं, ना दिवस घातले ना कार्डावरून नाव काढू दिलं. बारा वर्षांनी सून आली, तेव्हा ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहायला तिनंच लेकाला नाव सांगितलं. कार्डावर वेगळं नाव चढवायची गरजच पडली नाही. नणंदेच्या वाट्याचं धान्य सत्यशीलेनं खाल्लं, आणि तिच्या नावाला ओ दिली.

वकील म्हणाला, सोपं आहे. सासूनं प्रतिज्ञापत्र करून द्यावं. मुलगी मयत झाली, तेच नाव मी सुनेला ठेवलं, दोघी वेगळ्या. एक अंगठा, बस्स.

छबूबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. अझहरनं कागद वाचून दाखवला. 'मयत' शब्द आला तशी ती म्हणाली, "कुनी बघितलं?"

"मावशी, तीस वर्षं होऊन गेली."

"मी इचारलं, कुनी बघितलं?"

सत्यशीलेनं तिचे पाय धरले. रुपालीची शपथ घातली. छबूबाईनं पाय मागं घेतले नाहीत, हातही पुढं केला नाही.

"आखाडात एक लेकरू जाळलं. आता दुसरं माज्याच अंगठ्यानं मारू का गं?"

सत्यशीला रोजानं जायची त्या कांद्याच्या शेडवर बाया कांदा निवडता निवडता बोलायच्या. दोन नावं हायेत आन एक बी कामाचं न्हाई. एकीनं सुचवलं, म्हातारी झोपल्यावर अंगठा घे, तिला काय कळतंय. सत्यशीलेनं तिच्याकडं बघितलंही नाही. पण त्या दिवशी तिच्या हातनं चांगले कांदे सडक्यांच्या पाटीत पडत राहिले.

तेरा तारखेला छबूबाई आपणहून उठली, लुगडं बदललं. चल म्हणाली. अझहरसकट तिघं रिक्षानं राहुरीला गेले. नोटरीनं शाईचा पॅड पुढं केला. छबूबाईनं अंगठा टेकवला, उचलला, कागदाच्या वर आणला. तिथंच धरून ठेवला. नोटरी म्हणाला, आजी, इथं. तिनं कागदाकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, आणि अंगठा लुगड्याला पुसला.

"न्हाई हुत मला, राजे."

पॅडचं झाकण सत्यशीलेनंच लावलं. अझहर पायरीवर जाऊन डोकं धरून बसला. वकिलानं कोर्टातून वारस दाखला काढायचं सांगितलं. वर्ष लागंल, दोन लागतील. नवऱ्याची आई म्हणून त्यातही सासूचा अंगठा लागंलच, हे त्यानं उठता उठता सांगितलं.

चौदा तारीख गेली. पंधराला रुपाली आईबरोबर शेडवर गेली. बायांनी सरकून तिला जागा दिली. संध्याकाळी घरी आल्यावर पोरीनं आपलं बँकेचं पासबुक काढलं, वारस म्हणून आईचं कुठलं नाव लिहू, असं विचारलं. सत्यशीलेनं आधारकार्ड काढून तिच्यापुढं ठेवलं. ह्यावर हाय तसंच लिही, म्हणाली, दुसरं काय बी नगं.

आतून छबूबाईनं हाक मारली, "राजे, पानी दे गं."

सत्यशीला बसून राहिली. दुसऱ्यांदा हाक आली, पहिल्यापेक्षा बारीक. रुपाली उठायला लागली, तर आईनं तिला हातानं खाली बसवलं, आणि स्वतः तांब्या भरून आत गेली.