आईने निवडलेलं घड्याळ

"मी उघडला नाही गं तुझा फोन! तो आपणहून सांगतो मला."

"आपणहून? मग माझ्या फोनमध्ये ते घातलं कोणी, शेजारच्यांनी?"

शेजारचे म्हणजे आम्हीच. मधल्या भिंतीतून शिंकसुद्धा ऐकू यायची, मग भांडण तर ताटात वाढल्यासारखं समोर यायचं. माझ्या हातातली चादरीची घडी तशीच राहिली.

भिंतीपलीकडे अभ्यासिकेची बाई राहायची. चौकातल्या इमारतीत वरच्या मजल्यावर चाळीस टेबलांची खोली, परीक्षा देणारी मुलं तिथे दिवसभर बसायची. सकाळी सहाला दार उघडायचं, टेबलं पुसायची, कुजबुजणाऱ्यांकडे चष्म्यावरून बघायचं, हे बाईचं काम. नवरा लवकर गेला. एकच लेक, सतरा वर्षांची, हुशार, आणि बाईचा सगळा जीव तिच्या मार्कांत अडकलेला.

लेक फोनमध्ये फार रमते म्हणून बाईने कुठलंसं फुकटचं अ‍ॅप तिच्या फोनमध्ये गुपचूप घातलं. लेक जे लिहील त्याची नक्कल आईच्या फोनवर. आता आईचा फोन दिवसभर असायचा कुठे? अभ्यासिकेत, पुढच्या टेबलावर, मुलांना वेळ दिसावी म्हणून घड्याळ लावून उभा. बाईच्या हे ध्यानातच आलं नाही. त्या दिवशी सत्र संपायला आलं, सगळ्या माना वर झाल्या. घड्याळावर आधी कसलीशी जाहिरात नाचली आणि तिच्याखाली लेकीने मैत्रिणीला लिहिलेलं उमटलं: 'मला ही परीक्षा द्यायचीच नाही. आईला सांगायची भीती वाटते. नळ सोडून रडते मी.'

पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. लेक दुसऱ्या रांगेत बसली होती.

त्या संध्याकाळी भांडणाच्या शेवटी ती म्हणाली, "ओरडली असतीस तर चाललं असतं गं. तू चोरून वाचत होतीस." दुसऱ्या दिवशी ती मावशीकडे, परगावी गेली. नंबर बदलला. एक वर्ष झालं, दोन झाली, मग आम्ही मोजायचं सोडलं. बाईने नाही सोडलं.

फोन तिने खिडकीतून फेकला असता तरी मला नवल वाटलं नसतं. ती उलट फोनच्याच मागे लागली. नाकावर चष्मा, हातात वही. इंग्रजी अडलं की मुलांना विचारायची. कुठलंही अ‍ॅप आलं की खोली भाड्याने देताना करतात तशी चौकशी.

"हे घड्याळ आहे ना? मग याला माझ्या ओळखीच्यांचे नंबर कशाला हवेत?"

"बाई, सगळेच मागतात."

"मागतात म्हणून द्यायचे? आणि फुकट आहे म्हणतोस, तर याला बनवणारा जेवतो कशावर?"

मग ते अ‍ॅप आठ दिवस तिच्या स्वतःच्या जुन्या फोनवर राहायचं. एक जाहिरात दिसली की बाहेर. नेट बंद करून बघायची. नेट काढल्यावर जे रुसून बसेल तेही बाहेर. मुलं चिडवायची, "बाई, परीक्षा आमची की अ‍ॅपची?"

"आधी अ‍ॅपची. तुम्ही नापास झालात तर पुन्हा बसता येतं."

आठ दिवस टिकलेलं मुलांना सांगायची. घड्याळ, शब्दकोश, टिपणांची वही आणि पाठ झालंय का ते विचारणारं एक, अशी चारच. पण कुणाच्या फोनला हात लावायची नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून म्हणायची, "तूच दाब. तुझा फोन आहे." मी चौथीपर्यंत गेलेली, मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही; पण ते पाठीमागचे हात कळायचे.

माझी नात त्याच टेबलांवर शिकली. बाईची लेक तिची शाळेपासूनची मैत्रीण, दोघींचं बोलणं असायचं. एका दुपारी नात बाईला म्हणाली, "मावशी, ती नोकरी सांभाळून परत परीक्षेला बसतेय. म्हणते, एक शब्द बघायला फोन घेते आणि तासाने भानावर येते."

बाईने वही उघडली. नवव्या दिवशी चिठ्ठी घेऊन आली. चार नावं, प्रत्येकापुढे ते काय मागतं, काय मागत नाही. सगळ्यात वर लिहिलेलं: 'हे आईने निवडलंय.'

"अगं, ती ओळ खोड," मी म्हटलं. "नात देईल स्वतःची म्हणून. काम झाल्याशी मतलब."

"गुपचूप एकदा करून झालंय काकू माझं."

"आणि नाव बघून घेतलं नाही तर?"

"तर नाही घेणार."

नातीने चिठ्ठीचा फोटो पाठवला. उत्तर आलं तेव्हा बाई आमच्याकडेच बसली होती. नातीला वाचवेना, तिने फोन पुढे केला. बाईने फोन हातात न घेता, वाकून वाचलं: 'तिचं काही नको. माझ्या अभ्यासाचं तिला सांगितलंसच का?'

मला वाटलं, आता बाई कोसळते. तिने नातीला विचारलं, "मला सांगू का, असं तिला विचारलं होतंस?"

नातीने नाही म्हणून मान हलवली.

"मग चूक आपली. माफी माग तिची." थोड्या वेळाने म्हणाली, "यापुढे मला तिचं काही सांगू नकोस. तिने सांग म्हटलं तरच."

लेकीची खुशाली कळायची तेवढीच एक वाट होती. तीही तिने स्वतःच्या हाताने बंद केली. जिन्यात नात भेटली की बाई तिच्या तोंडाकडे बघायची आणि हवापाण्याचं बोलायची.

चिठ्ठ्या मात्र येत राहिल्या. एखादं अ‍ॅप बिघडलं की नवी चिठ्ठी. "मागितली तरच दे," एवढंच नातीला सांगायची. नातीच्या खणात सात जमल्या.

गेल्या वर्षी, भर दुपारी, बाई अभ्यासिकेत खुर्चीवर बसल्या बसल्या गेली. मुलांना वाटलं डुलकी लागली. सत्र संपेपर्यंत कुणी आवाज केला नाही.

लेक आली. सगळं उरकल्यावर आमच्याकडे बसली. नातीला म्हणाली, "विचारायची का माझं?"

"नाही. तू सांग म्हटलं नव्हतंस ना."

लेकीने मधल्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, "काही ठेवलंय तिने?" तेव्हा नातीने खण उघडला.

आठवी चिठ्ठी बाई गेली त्याच सकाळची. घड्याळाचं अ‍ॅप कुणा मोठ्या कंपनीने घेतलं होतं आणि त्यात जाहिराती सुरू झाल्या होत्या. पावणेसहाला तिने आमचं दार वाजवलं.

"काकू, हे नातीला द्या. घड्याळ बदललंय, बाकीची तीन तीच."

"आत ये, चहा टाकलाय."

"नको, मुलं येऊन उभी राहतील."

दोन पायऱ्या उतरली आणि परत आली. चिठ्ठी मागून घेतली, दाराच्या चौकटीवर टेकवून नव्या नावापुढे लिहिलं, 'नेटशिवाय चालतं. आठ दिवस बघितलं.' शाई वाळायला एक फुंकर मारली, चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि अभ्यासिका उघडायला गेली.