मोहफुलांचा गिलावा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे माझ्या शहाणपणाची जी हकिकत येणार आहे, तिच्यावर मला स्वतःलाच अजून हसू येत नाही!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पुण्याला शिकून मी नुकताच गावी परतलो होतो. गाव विदर्भात, वडशापासून सायकलने तासाभरावर, जंगलाच्या काठाला. डोक्यात एकच खूळ: गाव सुधारायचं! पहिल्याच आठवड्यात शाळेपुढे दारूबंदीवर दीड तास भाषण ठोकलं. अध्यक्ष होते मेश्राम गुरुजी, शाळेचे नवे हेडमास्तर.

तेव्हा आम्हाला घर विकायचं होतं. मायचा दमा वाढला होता, दवाखाना वडशाला आणि ताईचं सासरही तिथेच. पण खेड्यात घर घेतं कोण? दोन वर्षांत गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. भाषण ऐकून गुरुजी स्वतः घरी आले.

"घर जुनं आहे, पण आहे तसंच घेतो," ते बाबांना म्हणाले. "असा पोरगा ज्या घरात वाढला, त्या घराचं वळण चांगलंच असन. इतवारी घरच्यांना दाखवतो अन् पक्कं करून टाकतो."

आता सांगा, अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? गप्प बसेल. आणि मी?

"बाबा, घर जरा सुधारू या. खर्च जवळजवळ काही नाही!"

"आहे तसंच घेतो म्हनते ना तो मानूस! तू काऊन हात लावून राह्यला?"

पण माझ्याजवळ पुस्तिका होती ना! पुण्याच्या एका शिबिरात मिळालेली. स्वस्त घरं, स्थानिक साहित्य. तिच्यात लिहिलं होतं की जुने गवंडी चुन्यात गुळाचं पाणी घालत, भिंत दगडासारखी होते. आता गूळ काय विकत आणायचा? छे! मायने उन्हाळाभर वेचलेल्या मोहफुलांची दोन पोती घरात पडून होती. मोहसुद्धा गोडच की!

मी मोठ्या ड्रमात फुलं भिजवली. वरून ओलं पोतं बांधलं. ऊब मिळावी म्हणून परसातल्या शेणखतात ड्रम अर्धा पुरला. पाच दिवस.

तुमच्यातले जाणकार आत्ताच गालात हसायला लागलेत. दिसतंय मला!

तिसऱ्या दिवशी शेजारचे डोमाभाऊ कुंपणावरून डोकावले. डोळ्यांच्या आधी नाक.

"काय गा बाबू, काय करून राह्यला?"

"भिंतीसाठी आहे, डोमाभाऊ."

"हो, हो. भिंतीसाठी." त्यांनी एक डोळा मिटला. "मी कोनालेच सांगत नाई."

आणि खरंच, अर्धं गाव सोडून त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

शनिवारी ते पाणी चुन्यात कालवून मी समोरची भिंत लिंपली. रंग आला कावीळ झाल्यासारखा. वास असा, की वाटेने जाणारा बैल थबकला आणि हाकलल्यावरही मागे वळून बघत राहिला. मुंग्यांची रांग लागली. माय नाकाला पदर लावून ओसरीत आली.

"हे घर हाय का दारूची भट्टी?"

"माय, ओला गिलावा आहे. वाळला की वास जाईल."

भिंत वाळली. ऊन चढलं, भिंत तापली आणि वास दुप्पट झाला.

इतवारी सकाळी बाहेर येऊन बघतो, तर ओट्यावर चौघेजण मांडी घालून बसलेले. माझ्या भाषणात पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणारे हेच ते चौघे!

"भाऊ, पहिल्या धारेची हाय का?"

"अहो, दारू नाही ही! गिलावा आहे!"

"बरं, गिलावा तं गिलावा. एक एक पावशेर द्या."

"भाऊ हुशार हाय पन," दुसरा म्हणाला. "बाकीच्यायच्या भट्ट्या बंद करा म्हनत होता, ते काऊन, आत्ता समजलं!"

मी ओरडलो. मी हात जोडले. शेवटी पुस्तिका आणून त्यांच्यापुढे धरली. एकाने ती हुंगून पाहिली. चौथ्याला कशातच रस नव्हता, तो भिंतीला गाल लावून शांतपणे श्वास घेत होता.

आणि नेमकं तेव्हाच फाटक वाजलं. गुरुजी आणि त्यांच्या घरच्या बाई!

"या, या गुरुजी!" ओट्यावरची मंडळी आदराने सरकली. "तुमच्यासाठी बी जागा हाय!"

गुरुजींनी भिंत पाहिली. चौघांना पाहिलं. त्यांच्या मधोमध हात जोडून उभ्या असलेल्या मला पाहिलं. बाई केव्हाच फाटकाबाहेर गेल्या होत्या.

"दीड तास, बाबू," गुरुजी हळूच म्हणाले. "दीड तास ऐकलं मी तुझं."

आणि छत्री उघडून चालते झाले.

बुधवारी एक अनोळखी, मिशाळ माणूस सायकलवरून उतरला. "घर इकायचं हाय म्हनते?" बाबा खाटेवरून ताडकन उठले. माझ्याही जिवात जीव आला.

त्याने छपराचे कवेलू पाहिले नाहीत, विहीर पाहिली नाही. सरळ परसात गेला, ड्रमाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात बोट बुडवलं, चाखलं आणि डोळे मिटले.

"घर नाई पायजे, काका," तो म्हणाला. "हे ज्यानं लावलं, तो मानूस पायजे. माह्या भट्टीवर कामाले."

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"घर काई आता जाईन असं दिसत नाई," ते म्हणाले. "याले तरी घेऊन जा!"